पंधरा आणि पन्नासच्या मधली गाडी

फेब्रुवारी २००२. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं जुनं व्हीसीए मैदान. झिम्बाब्वेविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकरनं १७६ धावा केल्या. कसोटीतलं त्याचं ते २८वं शतक. बर्डीच्या व्हरायटी चौकातून हे मैदान पायी जाण्याइतकं जवळ आहे. जामठ्याचं नवं स्टेडियम तेव्हा व्हायचं होतं. त्यामुळे कसोटी असली की निम्मी सीताबर्डी दुपारनंतर दुकानं पोरांवर सोडून मैदानाकडे वळायची. दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला त्यानं ११७ धावा काढल्या आणि २९व्या शतकासह डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. या बरोबरीबद्दल फियाट कंपनीनं त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला ती मिळाली. फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली कंपनी आणि सचिन फियाटचा चेहरा.

त्याच वर्षी फियाटनं सचिनच्या नावानं आणखी एक गाडी काढली. ती मात्र इटलीत नाही, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. पॅलिओ एस १०. सचिनच्या सहीची, मर्यादित संख्येत काढलेली आवृत्ती. तिच्या मुळाशी होती पॅलिओ १.६ जीटीएक्स: चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, १०० अश्वशक्ती. आज हा आकडा किरकोळ वाटतो. पण तेव्हाच्या मारुती ८०० च्या दुपटीहून जास्त ताकद एका छोट्या हॅचबॅकमध्ये भरलेली होती. अमरावती रोडवर अशी गाडी शेजारून गेली की आवाजावरून कळायचं.

मला लिहायचंय ते या दुसऱ्या गाडीबद्दल. गेल्या वर्षी बर्डीतल्या एका ओळखीच्या घरात अशाच एका पॅलिओ १.६ ची किंमत ठरवायला मला बसवलं गेलं. मी गाड्यांचा व्यापारी नाही. पण घरातल्या कोणाच्याच बाजूचा नाही आणि कागद वाचता येतात, एवढ्या दोन गुणांवर मला बोलावणं आलं. मामला वारशाचा होता. घरातले अब्बा गेले. मागे बेवा, एक मुलगा आणि दोन मुली. घर भाड्याचं, बँकेतले पैसे सरळ वाटून झाले, राहिली गाडी. मुलाला ती ठेवायची होती. तो म्हणाला, “भाई, तेवीस वर्षांची गाडी आहे, भंगारच ना. बहिणींचा जो वाटा निघेल तो देतो.” धाकटी बहीण पुण्याला असते. तिनं फोनवर एक जाहिरात पाठवली. त्यात कोणीतरी एस १० साठी ४ लाख मागत होतं. “भाईजानला सांगा, ही आता कलेक्टेबल आहे.”

एकच गाडी. एकाच्या तोंडी भंगार, दुसरीच्या तोंडी संग्राह्य वस्तू. बरं, दोघांपैकी कोणी खोटंही बोलत नव्हतं.

आधी हिशेब किती गंभीर होता ते सांगतो. आपल्या वारसा कायद्यानुसार मुलं असताना बेवाचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे एकूण ३२ भाग धरले तर आईचे ४, मुलाचे १४, दोघी बहिणींचे प्रत्येकी ७. गाडी मुलानं ठेवली तर १८ भागांचे पैसे त्यानं बाकीच्यांना द्यायचे. गाडी ३२ हजारांची धरली तर ही रक्कम होते १८ हजार. ४ लाखांची धरली तर होते सव्वादोन लाख. पगारावर घर चालवणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही. आणि बहिणींसाठीही नाही.

आपल्याकडे बहिणींचा वाटा बुडवायची उघड पद्धत सगळ्यांना माहीत आहे: “माफ केलं म्हण” असं चारचौघांत विचारायचं. एक न बोलली जाणारी पद्धतही आहे. वस्तूची किंमतच कमी धरायची. वाटा पूर्ण दिला जातो, कागदावर सह्या होतात, कोणी नाव ठेवत नाही. शेताच्या बाबतीत हे चालतं, दुकानाच्या पगडीच्या बाबतीत चालतं. जुन्या गाडीच्या बाबतीत तर फारच सोपं, कारण जुन्या गाडीला सरकारी भाव नसतो. हा मुलगा तसा नव्हता, हे मला माहीत होतं. पण चांगल्या माणसानंही किंमत आधी ठरवावी, माफीची गोष्ट नंतर करावी, यावर मी अडून बसलो.

मग मी जुन्या गाडीच्या किमतीचा इतिहास शोधायला लागलो. गंमत म्हणजे त्याची सुरुवात राजवाड्यांपासून होते.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्तानच्या संस्थानिकांनी रोल्स-रॉइसपासून बुगाटीपर्यंत गाड्या हौसेनं आणल्या. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, डिसेंबर १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीनं तनखेही बंद झाले. राजवाड्यांच्या गॅरेजमधल्या गाड्या मग मिळेल त्या भावाला निघू लागल्या. घेणाऱ्यांत परदेशी लोक बरेच होते. त्यांच्या देशात या गाड्यांना क्लब होते, शर्यती होत्या, छापील भाव होते. इथं तीच वस्तू ‘जुनी मोटार’ होती. खूप गाड्या देशाबाहेर गेल्या. पुढे सरकारला जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर बंधनं घालावी लागली. म्हणजे ही वस्तू वारसा आहे, हे आपल्याला तिचं गिऱ्हाईक बाहेरून आल्यावर कळलं. इथल्या हौशी लोकांना ते आधीच कळलं होतं म्हणा. दिल्लीत स्टेट्समन वर्तमानपत्राची विंटेज गाड्यांची रॅली १९६४ पासून निघत होती. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब उभा राहिला. विम्याच्या जुन्या दरपत्रकात या क्लबचं नाव चक्क छापलेलं आहे: ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची खासगी गाडी आणि तिला या क्लबचा दाखला, तर विम्याच्या हप्त्यात सवलत. सरकारमान्य दरपत्रकानं संग्राह्य गाडी कशी ओळखायची? साल पाहून आणि क्लबचा कागद पाहून.

त्याच दरपत्रकात साध्या गाडीची घसरण कशी मोजायची तेही दिलंय. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनंतर? तिथं आकडा नाही. विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं. पाच वर्षांपुढच्या गाडीला सूत्र लागू पडत नाही, हे विमावाल्यांनीही मान्य केलंय. आमच्या समोरची गाडी तर तेवीस वर्षांची.

मग २०२१ उजाडलं. रस्ते वाहतूक खातं तेव्हा आमच्याच शहराच्या खासदाराकडे, नितीन गडकरींकडे, होतं. त्या एका वर्षात जुन्या गाड्यांबद्दल दोन निर्णय झाले. जुलैमध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी म्हणजे विंटेज. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. २० हजार शुल्क, १० वर्षांची नोंदणी, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार. रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, वाहन भंगार धोरण जाहीर झालं. जुनी गाडी मोडीत द्या, नव्या गाडीच्या किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के मोड-किंमत मिळेल, वर रस्ता करात सूट. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५ हजार झालं. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १० हजार केलं गेलं.

हे दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. १५व्या वर्षी कायदा म्हणतो, ही गाडी म्हातारी झाली, मोडीत द्या, नाही तर जास्त पैसे भरा. ५०व्या वर्षी तोच कायदा म्हणतो, ही देशाची ठेव आहे, जपा. मधल्या ३५ वर्षांत तिला जपणार कोण, यावर कायदा गप्प आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, व्याख्या ३० वर्षांची आहे. त्या मोजमापानं ही पॅलिओ २०३२ मध्ये ऐतिहासिक होईल. आपल्या मोजमापानं २०५२ मध्ये. तोवर ती मुलाच्या म्हणण्याप्रमाणेही पूर्ण भंगार नाही आणि बहिणीच्या म्हणण्याप्रमाणेही पूर्ण वारसा नाही.

याच मधल्या वर्षांत वेगवान गाड्यांचं काय होतं, याचा आपल्याकडचा सगळ्यात चांगला दाखला दुचाकीचा आहे. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती राजदूत नावानं आणली. ३०.५ अश्वशक्ती. बुलेट, येझदी चालवणाऱ्यांना ते विमान वाटलं. पण ती महाग होती, पेट्रोल प्यायची आणि सुटे भाग सहज मिळत नसत. कंपनीनं मग ताकद उतरवून २७ अश्वशक्तीची आवृत्ती काढली. तीही चालली नाही. दशक संपता संपता गाडी बंद. सेकंडहँड बाजारात तिला कोणी विचारत नव्हतं. ‘ॲव्हरेज किती देते?’ या एका प्रश्नापुढे ती नापास व्हायची. आज तीच गाडी मूळ अवस्थेत असेल तर लाखांत जाते, आणि ३०.५ अश्वशक्तीवालीला २७ वालीपेक्षा जास्त मागणी. इंजिन तेच आहे, वेगही तोच. मधल्या काळात बाकीच्या बहुतेक गाड्या मोडून, कापून, भट्टीत गेल्या, आणि कॉलेजच्या वयात ज्यांना ती परवडली नव्हती त्यांच्या हातात पन्नाशीत पैसा आला. संग्राह्य वस्तूचा बाजार बराचसा या दोनच गोष्टींवर चालतो.

फेरारीच्या जगातही असंच घडलं. ३६० मोडेना हजारोंच्या संख्येनं बनली. तिला दोन प्रकारचे गिअर मिळत. स्टीअरिंगमागच्या पट्टीनं बदलणारे, शर्यतीच्या गाडीसारखे, तेव्हा जास्त रुबाबाचे. आणि साधे, हातानं दांडा ओढायचे. घेणाऱ्यांनी रुबाबाचे जास्त घेतले. आज हाताच्या गिअरवाली ३६० त्याहून बरीच महाग जाते, कारण ती कमी उरली आणि अशी फेरारी आता कोणी बनवतच नाही. सचिनच्या ३६० ची गोष्ट तर किमतीच्या अभ्यासासाठी धडाच आहे. गाडीचा भाव तेव्हा वर्तमानपत्रांत ७५ लाख छापून येई, आणि सीमा शुल्क त्याहून जास्त, १ कोटी १३ लाखांच्या घरात. सरकारनं शुल्क माफ केलं, २००३ मध्ये त्यावर गदारोळ झाला, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि शेवटी शुल्क फियाटनं भरलं. या सगळ्या भानगडीत सीमा शुल्कवाल्यांनी गाडी मोजली ती कारखान्यातून निघालेल्या हजारांतली एक म्हणून. ब्रॅडमनची बरोबरी, शूमाकरचा हात, सचिनचं नाव, यांवर शुल्क नव्हतं. २०११ मध्ये त्यानं ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली आणि पुढच्याच वर्षी राजेश मापुसकरांचा ‘फेरारी की सवारी’ आला, ज्याची सगळी गोष्ट सचिनच्या फेरारीभोवती फिरते. जुनी झालेली गाडी विकताना जी गोष्ट सगळ्यात महाग होती, तीच नवी असताना सरकारच्या कागदावर शून्य रुपयांची होती.

आपल्या फिकहमध्ये या फरकाला फार जुने आणि नेमके शब्द आहेत. ज्या वस्तूसारखी दुसरी बाजारात तशीच आणि त्याच भावात मिळते ती ‘मिस्ली’: गहू, तांदूळ, तेल. ज्या वस्तूसारखी दुसरी मिळत नाही, किंवा मिळाली तरी भावात फरक पडतो, ती ‘कीमी’: घोडा, जुनं घर, हातानं लिहिलेली प्रत. मिस्ली वस्तूचं नुकसान केलं तर तशीच दुसरी आणून द्यायची; कीमीचं केलं तर किंमत ठरवून द्यायची. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यानं आपली दिवाणी संहिता, मजल्ला, तयार केली तेव्हा हा फरक तिच्यात कलमांनिशी आला. त्या व्याख्येनं पाहिलं तर शोरूममध्ये उभी असलेली नवी गाडी मिस्ली आहे. एक नको तर शेजारची घ्या, रंग तोच, भाव तोच. रस्त्यावर उतरल्यावर ती हळूहळू कीमी व्हायला लागते. कोणी चालवली, कुठं ठोकली, तेल वेळेवर बदललं का, कागद जपले का, यांनी तिला स्वतःचा असा भूतकाळ मिळतो. कीमी वस्तूची किंमत जाणकारांनी वस्तू पाहून सांगायची, यादी पाहून नाही.

म्हणून आम्ही वस्तू पाहायला गेलो.

गाडी घरामागच्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. एमएच ३१ ची नंबरप्लेट, डिसेंबर २००२ ची नोंदणी. मागच्या काचेवर एस १० चं स्टिकर. धाकट्या बहिणीचा सगळा भरवसा त्या स्टिकरवर होता. अब्बा एका खासगी पेढीत हिशेबनीस होते. २००५ मध्ये त्यांनी ही गाडी अडीच वर्षं वापरलेली घेतली, तेव्हा पॅलिओचा सेकंडहँड भाव पडायला लागला होता. पेट्रोल पिते, सर्व्हिस महाग, विकताना कोणी घेत नाही, असं जो तो म्हणायचा. हिशेबनिसाला हे कळत नव्हतं असं नाही. खाला म्हणाल्या, “आयुष्यभर एक पैसा जास्त नाही खर्च केला त्यांनी. ही एकच चैन.”

आणि हिशेबनिसाची म्हणून एक फाइल होती. पहिल्या मालकाच्या बिलाची झेरॉक्स, सर्व्हिसच्या पावत्या, टायमिंग बेल्ट बदलल्याच्या तारखा, क्लच प्लेट, दोन बॅटऱ्या, २०१७ च्या फेरनोंदणीची ६०० रुपयांची पावती, २०२२ ची ५ हजारांची, पर्यावरण कर. सगळं तारखेनुसार लावलेलं. पहिल्या बिलावर स्पष्ट लिहिलं होतं: पॅलिओ १.६ जीटीएक्स. एस १० नाही. स्टिकर कोणीतरी नंतर लावलेलं. पहिल्या मालकानं असेल, अब्बांनी असेल. त्या वर्षांत बर्डीच्या मेन रोडवर सचिनच्या नावाचं काय मिळत नव्हतं!

फोनवर धाकटी जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, “मग ४ लाख सोडा. पण भंगार पण नाही ना?” प्रश्न बरोबर होता.

गाडी पाहायला आलेला उस्ताद माझ्या ओळखीचा. चाळीस वर्षं फियाटचीच इंजिनं उघडतोय. कुर्ल्याच्या त्या कारखान्याचा अख्खा इतिहास त्याच्या हातांखालून गेलाय. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं तिथं बनवलेल्या फियाट ११००, मग पद्मिनी, निसानचं इंजिन टाकलेली ११८ एनई, पुढे फियाट स्वतः आली तेव्हाची उनो आणि पॅलिओ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा एक तरी जपून ठेवा म्हणून लोक हळहळले. उस्ताद म्हणतो, हळहळायला काय लागतं? २००० नंतर त्याच्याकडे आलेल्या पद्मिनी लोकांनी दहा-बारा हजारांत भंगारात दिल्या, आणि तेव्हा कोणी एक शब्द काढला नाही. २०१९ च्या सुमारास फियाटनं भारतातल्या आपल्या नावाच्या गाड्या बंद केल्यावर पॅलिओचे सुटे भाग मिळवणं हेच एक स्वतंत्र काम झालं. कुठल्या कबाड्याकडे कोणती पॅलिओ पडून आहे याची यादी त्याच्या डोक्यात असते.

त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन नंबर आरसीशी ताडला, ऑइलची काडी काढून वास घेतला, गाडी चालू करून दहा मिनिटं नुसता ऐकत उभा राहिला. खालून पत्रा ठोकून पाहिला. मग म्हणाला, “इंजन असली है. डिब्बा भी नहीं खुला. रंग दरवाजे का दुबारा हुआ है, वो बताना पड़ेगा.”

‘बताना पड़ेगा’ हे त्याचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. विकणाऱ्याला माहीत असलेला ऐब त्यानं सांगितलाच पाहिजे आणि लपवला तर घेणाऱ्याला सौदा मोडायचा हक्क आहे, हा आपल्याकडचा जुना नियम. जुन्या गाडीच्या धंद्यात सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियमही तोच. किलोमीटरचा काटा मागे फिरवणं, पुराचं पाणी लागलेली गाडी पुसून विकणं, स्टिकर लावून साध्या गाडीला खास करणं, हे सगळं त्यातच येतं. खोटं गिऱ्हाईक उभं करून बोली चढवायची, यालाही आपल्याकडे नज्श असं नाव आणि मनाई आहे. जाहिरातीतला ४ लाखांचा आकडा खोटाच होता असं मी म्हणत नाही. पण मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. ती जाहिरात सात महिन्यांपासून तिथंच होती.

आम्ही तीन ठिकाणी विचारलं. कबाड्यानं वजन धरून २८ हजार सांगितले. सदरमधल्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानदारानं गाडी न पाहताच ४५ हजार म्हटलं, आणि वर पुढच्या फेरनोंदणीचे १० हजार कोण भरणार म्हणून विचारलं. तिसरा पुण्याचा एक हौशी माणूस. त्याच्याकडे आधीच एक पॅलिओ आहे. त्यानं आधी इंजिन नंबरचा फोटो मागितला, मग फाइलचा. फाइलची पानं पाहून त्यानं आणखी पानं मागितली. शेवटी म्हणाला, दरवाजाचा रंग कळला, तरी पावणेदोन लाख देतो, गाडी पुण्याला पोचवून द्या. ट्रकवर चढवून पाठवायचे १५ हजार. म्हणजे बर्डीच्या त्या बोळात उभ्या असलेल्या गाडीची किंमत १ लाख ६० हजार.

माझं मत असं पडलं की हीच किंमत. भंगारवाल्यानं लोखंड मोजलं, दुकानदारानं साल मोजलं. गाडी पाहिली ती पुण्यावाल्यानं, आणि तो खरोखर पैसे द्यायला तयार होता. सगळ्यांत जास्त बोली म्हणून नव्हे, तर ज्याला ती वस्तू म्हणून हवी होती त्याची बोली म्हणून. मुलगा म्हणाला, “पण मी तर विकतच नाहीये. मला अब्बांची म्हणून ठेवायचीय. मला त्यातून काय मिळणार?” हा आक्षेप हलका नाही. संग्राह्य वस्तूची किंमत विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि ज्याला विकायचीच नाही त्याच्यावर ती बोजा होते. पण बहिणींचा हक्क त्याच्या मनातल्या हेतूवर नाही, गाडीवर आहे. तो ठेवतोय म्हणून ती स्वस्त होत नाही. मी त्याला एवढंच विचारलं की मोठ्या बहिणीला गाडी हवी असती आणि तिनं ३२ हजार धरले असते, तर तू ऐकलं असतंस का. तो हसला.

तरी एका बाबतीत त्याचं बरोबर होतं आणि ते मी बहिणींना सांगितलं. अब्बा गेल्यापासून आठ महिने बॅटरी, विमा, ताडपत्री, दर रविवारी इंजिन चालू करणं, हे त्यानं केलं. पुण्यावाला पावणेदोन लाख देतो ते गाडी सुरू स्थितीत आहे म्हणून. त्याचा या काळातला खर्च ६,४०० निघाला. तो सगळ्यांनी आपापल्या भागाप्रमाणे सोसायचा ठरला. मोठी बहीण म्हणाली, राहू दे, भाईजानचंच आहे ते. पण हिशेबात लिहून मगच सोडलं तिनं. तिचे त्यातले १,४०० होत होते.

१ लाख ६० हजारांचे ३२ भाग, एक भाग ५ हजारांचा. आईचे २०, बहिणींचे प्रत्येकी ३५. एकूण ९० हजार मुलानं द्यायचे. ४० लगेच दिले, उरलेले दहा महिन्यांच्या हप्त्यांत. खालांनी आपले २० हजार मुलाला परत देऊ केले. मी म्हटलं, आधी हातात घ्या, रात्रभर उशाखाली ठेवा, मग सकाळी वाटलं तर द्या. त्यांनी दिले नाहीत. पुढच्या महिन्यात कळलं, दातांचं काम करून घेतलं त्यांनी, तीन वर्षं पुढं ढकललेलं.

पुण्याचा तो माणूस अधूनमधून फोन करतो. गाडी नाही तर निदान टायमिंग बेल्टच्या जुन्या पावत्यांवरच्या दुकानाचा पत्ता द्या म्हणतो, तिथं अजून काही पडलेलं असेल. मागच्या काचेवरचं स्टिकर मुलानं काढलेलं नाही. फाइलमध्ये मात्र पहिल्या पानावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय की हे एस १० नाही. गाडी अजून अब्बांच्याच नावावर आहे. फॉर्म ३१ भरून झालाय, बहिणींची संमतीपत्रं जोडलीत, आरटीओची एक फेरी राहिलीय. डिसेंबर २०२७ ला नोंदणी पुन्हा संपते. त्या १० हजारांसाठी त्यानं आतापासून महिन्याला पाचशे बाजूला ठेवायला सुरुवात केलीय.